६.८ म्हणजे नेमकं काय?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ऑफिसचा कॉल नुकताच संपला होता आणि व्हॉट्सॲपवर अब्बांकडून एक पीडीएफ येऊन पडली होती. खाली त्यांचा एकच प्रश्न, ‘साखर ठीक है ना?’

साखर ठीक होती. कोलेस्टेरॉल जरा वर होतं, ते नेहमीच असतं. पण शेवटून दुसऱ्या पानावर एक आकडा ठळक अक्षरांत छापला होता आणि शेजारी वर जाणारा बाण होता. पीएसए ६.८. नॉर्मल मर्यादा शून्य ते चार.

ही तपासणी अब्बांनी स्वतःहून केली नव्हती. मी करवली होती. फोनवर ऑफर आली होती, ज्येष्ठ नागरिकांसाठी पॅकेज, ऐंशीहून जास्त चाचण्या, घरी येऊन रक्त नेणार. ईदला घरी जाता आलं नव्हतं, त्याची भरपाई म्हणून पुण्यात बसून मी बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरच्या घरी एक मुलगा आला आणि रक्त घेऊन गेला. त्या ऐंशी चाचण्यांमध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरशी संबंध असलेली एक चाचणी आहे, हे अब्बांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. मी यादी वाचलीच नव्हती. नवीन ॲप टाकताना आपण अटींच्या पानावर जसं न वाचता बोट ठेवतो, तसंच ठेवलं होतं.

त्या रात्री मी पहाटेपर्यंत वाचत बसलो. बायकोने दोनदा दिवा बंद करायला सांगितलं. सकाळी अब्बांचा पुन्हा मेसेज आला, ‘साखर?’ मी लिहिलं, ‘ठीक है अब्बा.’ खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

हा लेख त्या रात्रीमुळे लिहितोय, आणि त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या मोहल्ल्यात झालेल्या एका बैठकीमुळे. तुम्ही पंचविशी-तिशीत असाल तर प्रोस्टेट हा तुमचा विषय नाही असं वाटेल. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचे रिपोर्ट हल्ली आधी कोण उघडतं? आपणच. पॅकेज कोण बुक करतं? आपणच. म्हणून म्हटलं, आपल्यातच बोलावं.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्यामधून जाते. पीएसए हे तिने तयार केलेलं एक प्रथिन आहे. वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं काम. त्यातलं अगदी थोडं रक्तात झिरपतं आणि तेच आपण मोजतो. ग्रंथीत कॅन्सर असेल तर ते जास्त झिरपतं. पण ग्रंथी नुसती वयाने वाढली तरी जास्त झिरपतं, तिला सूज आली तरी, लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी, लघवीसाठी नळी घातली असली तरी. आदल्या दोन दिवसांत वीर्यपतन झालं असेल किंवा माणसाने लांबलचक सायकल चालवली असेल, तरीही आकडा वर जाऊ शकतो. म्हणजे हा आकडा ग्रंथीची खबर देतो. खबर कशाची आहे, ते सांगत नाही.

माझं रोजचं काम सर्व्हरवर नजर ठेवण्याचं आहे. आम्ही मर्यादा ठरवून देतो, ती ओलांडली की रात्री दोन वाजतासुद्धा फोन वाजतो. या धंद्यात पहिली दोन वर्षं काढलेल्या कुणालाही माहीत असतं की फोन वाजला म्हणजे सर्व्हर पडलाच असं नसतं. कुणी मोठी फाइल चढवत असतं, कुठे बॅकअप चालू असतं. आणि खरोखर पडलेला सर्व्हर कधीकधी अगदी शांत असतो. मर्यादा खाली आणली की खोटे फोन वाढतात, वर नेली की खरी बिघाडी निसटते. हे मला कामावर पाठ होतं. अब्बांच्या रिपोर्टवर बाण दिसला, तेव्हा मात्र सगळं विसरलो.

आता त्या चारच्या मर्यादेविषयी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही चाचणी १९८६ मध्ये मान्य केली ती ज्यांना कॅन्सर झालाच आहे अशांवर लक्ष ठेवण्यासाठी. कॅन्सर शोधण्याच्या कामी ती मान्य झाली १९९४ मध्ये. चारच्या वर धोका आणि चारच्या खाली सलामत, असं तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलं. पण २००४ मध्ये तिथल्याच एका मोठ्या अभ्यासात ज्यांचा आकडा वर्षानुवर्षं चारच्या आत राहिला होता अशा जवळपास तीन हजार पुरुषांची बायोप्सी केली, तेव्हा त्यांतल्या १५ टक्क्यांना कॅन्सर निघाला. उलट बाजूला, ज्यांचा आकडा वर येतो त्यांच्यापैकी साधारण चारांतल्या तिघांना कॅन्सर नसतो. प्रोस्टेटमधल्या एका अँटिजेनवर १९७० मध्ये सुरुवातीचं काम करणारे शास्त्रज्ञ रिचर्ड ॲब्लिन यांनी तर २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून या चाचणीच्या सरसकट वापरावर कडक टीका केली. घाऊक तपासणीने लोकांचं आरोग्य सुधारण्याऐवजी एक धंदा उभा राहिला, असा त्यांचा रोख होता.

इथवर वाचून ‘मग ही चाचणी बोगसच’ असं कुणाला वाटेल. मला त्या रात्री तीन वाजता तसंच वाटलं आणि फार बरं वाटलं. पण मला झोप लागली नाही, कारण मोठे मामू आठवत होते.

मामू ट्रक चालवायचे. सोलापूर–हैदराबाद, सोलापूर–विजापूर. साठीच्या आसपास त्यांनी मशिदीत जायचं बंद केलं. जुमा सोडून बाकी सगळं घरी. मोहल्ल्यात सगळ्यांनी धरून चाललं की ट्रस्टच्या लोकांशी त्यांचं काहीतरी वाजलंय, कारण मामूंचं कुणाशीही वाजू शकायचं. खरं कारण मुमानीला माहीत होतं, कपडे ती धुवायची. लघवी झाल्यावर थेंब थेंब गळत राहायचं. कपडे पाक राहात नाहीत, वुजू टिकत नाही, जमातीत उभं कसं राहायचं? ही गोष्ट ते ना डॉक्टरला सांगू शकले, ना इमामसाहेबांना. डॉक्टरला सांगितली असती तर गोळी मिळाली असती. इमामसाहेबांना सांगितली असती तर त्यांनी समजावलं असतं की अशा माणसाला शरीयत मअजूर मानते, त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेला ताजा वुजू करावा आणि खुशाल जमातीत यावं. दोन्हीकडे उत्तर होतं. प्रश्न विचारायचीच शरम होती.

मग कंबर दुखायला लागली. ट्रक चालवणाऱ्याची कंबर दुखणारच, म्हणून मालिश झाली, पट्टा झाला, ‘मणक्याची गादी सरकलीय’ म्हणून झालं. आठ-नऊ महिने असेच गेले. शेवटी कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं तेव्हा पीएसए कित्येक शेकड्यांत होता आणि कॅन्सर हाडांत उतरलेला होता. हार्मोन थांबवणारी इंजेक्शनं चालू झाली, दुखणं कमी झालं, पुढे दोन वर्षं मिळाली. त्यांचा तो गळण्याचा त्रास कॅन्सरचा होता की नुसत्या वाढलेल्या ग्रंथीचा, हे आता कुणी सांगू शकणार नाही. साठीत निम्म्याहून जास्त पुरुषांची ग्रंथी वाढलेली असते आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. सुरुवातीचा कॅन्सर तर बहुधा काही त्रासच देत नाही. पण त्या त्रासासाठी मामू दवाखान्याची पायरी चढले असते, तर एक रक्ततपासणी नक्की झाली असती.

म्हणजे माझ्या घरात दोन माणसं. एकाची चाचणी झाली ती न विचारता, नको त्या वेळी. दुसऱ्याची झालीच नाही. ही चाचणी चांगली की वाईट, असा प्रश्न विचारून या दोघांपैकी कुणाचंच भलं होत नाही.

मोठ्या अभ्यासांचे आकडे बघू. युरोपातल्या आठ देशांत ५५ ते ६९ वयाचे १ लाख ६२ हजार पुरुष दोन गटांत वाटले गेले. एका गटाला दर काही वर्षांनी पीएसए तपासायला बोलावलं, दुसऱ्याला नाही. २३ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरने मेलेले १.४ टक्के, न बोलावलेल्यात १.६ टक्के. हिशेब असा बसतो की ४५६ पुरुषांना वर्षानुवर्षं बोलावत राहिलं, तर एकाचा या कॅन्सरने होणारा मृत्यू टळतो. हा एक माणूस खरा आहे. तो कुणाचा तरी मामू आहे. ‘फक्त एक’ असं मला म्हणवत नाही. पण त्या एकाबरोबर ज्यांना कॅन्सर सांगितला गेला, उपचार झाले आणि ज्यांचा तो कॅन्सर आयुष्यभर गप्पच बसला असता, असे पुरुषही खरे आहेत. म्हातारपणी पुष्कळ पुरुष हा कॅन्सर पोटात घेऊन दुसऱ्याच कशाने तरी जातात.

आणि उपचाराची किंमत असते. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांवर एक अभ्यास झाला. कॅन्सर ग्रंथीतच असलेले हे रुग्ण तीन गटांत विभागले. काहींची शस्त्रक्रिया, काहींना रेडिएशन आणि काहींवर नुसती बारीक देखरेख. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने मेलेले साधारण तीन टक्केच. देखरेखीतल्या निम्म्याहून जास्त लोकांना पुढे कधीतरी उपचार घ्यावे लागले हे खरं, पण घाई केली नाही म्हणून मृत्यू वाढले नाहीत. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी चारांतला एक जण कित्येक वर्षांनीही लघवीसाठी पॅड वापरत होता. शरीरसंबंधांच्या अडचणी वेगळ्या. मामूंची गोष्ट आत्ताच सांगितली, त्यामुळे गळती म्हणजे काय, हे आपल्या घरांत वेगळं समजावायला नको. ज्याला गरज आहे त्याने ही किंमत जरूर मोजावी. ज्याला नव्हती त्याच्या गळ्यात ती का पडावी?

अब्बांचं पुढे काय झालं ते सांगतो. तिसऱ्या दिवशी मी सोलापूरला गेलो. बापलेकाने या विषयावर बोलायचं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही दोघं टीव्हीकडे बघत बोललो. ‘अब्बा, पेशाबला काही त्रास?’ बराच वेळ गेला. मग कळलं की पंधरा-वीस दिवसांपूर्वी जळजळ होत होती, ताप आला होता, कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. म्हणजे जंतुसंसर्गाच्या ऐन मोसमात आपण पीएसए मोजला होता. संसर्गानंतर निदान सहा आठवडे थांबायचं असतं. रक्त नेणाऱ्या मुलाने हे विचारलं नव्हतं, त्याचा दोष नाही, त्याला दिवसात चाळीस घरं करायची असतात. विचारायला हवं होतं मी.

एका डॉक्टरने रिपोर्ट बघून लगेच बायोप्सीची तारीख द्यायला घेतली. दुसऱ्याने आधी लघवी तपासली, सहा आठवडे थांबायला सांगितलं आणि त्याच लॅबमधून पुन्हा रक्त तपासायला लावलं. दुसरा आकडा आला ३.१. वर्षभराने ३.३. अब्बा ६३ वर्षांचे आहेत आणि सध्या त्यांच्या गुडघ्याशिवाय आम्हाला कशाची काळजी नाही.

दुसरा आकडाही सातच्या आसपास आला असता, तरी लगेच सुई टोचायची नव्हती, हे मी तेव्हा शिकलो. रक्तात मोकळा फिरणारा पीएसए आणि एकूण पीएसए यांचं प्रमाण पाहतात, मोकळा जितका कमी तितका संशय जास्त. ग्रंथी मोठी असेल तर आकडा मोठा येणारच, म्हणून आकाराशी त्याचं गणित लावतात. पीएसएचे वेगवेगळे प्रकार एकत्र मोजणाऱ्या पीएचआय आणि फोरकेस्कोर नावाच्या चाचण्या आहेत. मागच्या दहा वर्षांत सर्वांत मोठा फरक पडला तो एमआरआयने. बायोप्सीच्या आधी एमआरआय केला, तर चारांतल्या एकाची तरी बायोप्सी टळते, असं २०१७ आणि २०१८ मध्ये आलेल्या दोन अभ्यासांत दिसलं. एक बारकी गोष्ट, पण आपल्याकडे कामाची. वाढलेल्या ग्रंथीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी कित्येक चाचा लोक वर्षानुवर्षं घेतात. ही गोळी सहा महिन्यांत पीएसए जवळपास निम्म्यावर आणते. अशा माणसाचा २.५ हा आकडा पाहून निर्धास्त व्हायचं नसतं, तो पाचसारखा वाचायचा असतो. डॉक्टरला गोळ्यांची पट्टी दाखवली नाही, तर त्याला ते कळणार कसं?

आता बैठकीकडे येतो. आमच्या मोहल्ल्यातली तरुण मंडळी दरवर्षी आरोग्य शिबिर भरवतात. मी पुण्याहून येतो, खुर्च्या उचलतो, नोंदणीचं काम बघतो. या वर्षी एका लॅबने सांगितलं, चाळिशीवरच्या सगळ्या पुरुषांचा पीएसए आम्ही मोफत करतो, फक्त बॅनरवर आमचं नाव टाका. सगळ्यांना आनंद झाला. मी म्हणालो, हे नको.

बैठकीत जरा शांतता पसरली. मग एक मित्र, स्वतः रिक्षा चालवतो, तो म्हणाला, ‘तुझ्या अब्बांना दोन-दोन डॉक्टर मिळाले. माझ्या बापाला शिबिरच मिळणार आहे. तेही तू बंद करतोस?’

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं, आणि आजही ते मला बोचतं. शिकलेल्या माणसाला ‘जास्त तपासण्या वाईट असतात’ हे म्हणणं परवडतं, कारण त्याला तपासणी कधीही मिळू शकते. पीएसए करा म्हणणाऱ्यांपेक्षा करू नका म्हणणाऱ्यांच्या खिशात बहुधा विम्याचं कार्ड असतं. मी त्याला म्हटलं, तुझं म्हणणं खरं आहे, तरी माझं ऐकून घे.

नेमकं आपलं शिबिर ब्रिटनमध्ये करून बघितलं गेलंय. तिथे ५० ते ६९ वयाच्या चार लाखांहून जास्त पुरुषांवर अभ्यास झाला. एका गटाला एकदाच, फक्त एकदाच पीएसएसाठी बोलावलं. दहा वर्षांनी दोन्ही गटांतले मृत्यू सारखेच होते. पंधरा वर्षांनी बोलावलेल्यांत ०.६९ टक्के आणि न बोलावलेल्यांत ०.७८ टक्के, म्हणजे हजारामागे एकाचाही पुरता फरक नाही. बोलावलेल्यांपैकी तपासायला आले तेच मुळी तीनांतला एक, त्यामुळे फरक थोडा पातळ दिसतो, हे मान्य. पण तिथे ज्याचा आकडा वर आला त्याला पुढची सगळी वाट सरकारी खर्चाने तयार होती. आपल्याकडे ती वाट कुठे आहे?

मी फळ्यावर हिशेब मांडला. शिबिराला तीनशे पुरुष आले असं धरा. त्या ब्रिटिश अभ्यासात तपासलेल्या पुरुषांपैकी ११ टक्क्यांचा आकडा तीन किंवा त्याहून वर होता. आपल्याकडे चाळिशीपासूनची माणसं घेतली तर टक्का कमी भरेल. तरी तीसच्या आसपास लोकांच्या हातात बाण असलेला कागद पडेल, असं समजा. त्यांतल्या वीस-बावीस जणांना काहीही नसणार. पण हे त्यांना कोण सांगणार? दुसरी तपासणी, एमआरआय, बायोप्सी, आणि त्या प्रत्येक दिवसाचा बुडालेला धंदा, हे सगळं त्यांच्या खिशातून. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो कागद गादीखाली ठेवणार आणि रात्री छताकडे बघत पडणार. पहिली चाचणी मोफत देणं ही लॅबची जाहिरात असते, खर्च दुसऱ्या चाचणीपासून सुरू होतो. कॅन्सर ठरला की उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे, पण ठरण्याआधीच्या या चक्रात माणूस बराचसा एकटाच असतो.

आणि ज्यांचा आकडा चारच्या आत येईल ते? ते ‘आपलं सगळं क्लियर आहे’ म्हणून पुढची दहा वर्षं डॉक्टरकडे फिरकणार नाहीत. मामूंनीही शिबिरात जाऊन वयाच्या पन्नाशीत असा कागद आणला असता, तर तो खिशात ठेवूनच त्यांनी कंबरेला मालिश केली असती, असं मला वाटतं.

त्या बैठकीत एक चाचा म्हणाले, ‘अमेरिकेच्या प्रेसिडेंटला पण झाला ना? त्यांच्याकडे तर सगळं असतं.’ बरोबर आहे. जो बायडन यांचा कॅन्सर मे २०२५ मध्ये जाहीर झाला तेव्हा तो हाडांपर्यंत गेलेला होता. त्यांची शेवटची पीएसए चाचणी २०१४ मधली, असं त्यांच्या कार्यालयाने सांगितलं. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते आणि सत्तरीनंतर ही तपासणी सरसकट करू नये असाच तिथल्या तज्ज्ञ समितीचा सल्ला आहे. ५५ ते ६९ या वयात डॉक्टरशी बोलून ज्याने त्याने ठरवावं, असं तीच समिती २०१८ पासून सांगते. बायडन यांची तपासणी चालू ठेवायला हवी होती का? मतं दोन्ही बाजूंनी आहेत. मला त्यातून एवढंच कळलं की जगातल्या सर्वांत ताकदवान माणसालाही ही चाचणी खात्री देत नाही. आपल्या शिबिराच्या बॅनरवर ती खात्री छापलेली असणार होती.

मग आम्ही काय करावं? माझं मत होतं की शिबिरात तोंड तपासा. आमच्या मोहल्ल्यात गुटखा आणि मावा किती चालतो ते सांगायला नको. बॅटरीच्या उजेडात तोंडाच्या आत बघायला दोन मिनिटं लागतात. तंबाखू-दारू घेणाऱ्या लोकांची अशी तोंडतपासणी वेळोवेळी केली, तर तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास एकतृतीयांशाने कमी होतात, हे केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या अभ्यासाने २००५ मध्येच दाखवलंय. सरकारी कार्यक्रमातही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कॅन्सरांची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. यात गरिबांची उपेक्षा आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, निदान ही यादी तरी कुणीतरी विचार करून केलीय.

पण प्रोस्टेटचा विषय सोडून द्यायचा नाही, यावर मी अडून बसलो. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये अंदाज दिलाय की २०२० मध्ये जगभरात या कॅन्सरचे १४ लाख नवे रुग्ण होते, ते २०४० पर्यंत वर्षाला २९ लाख होतील, कारण माणसं जास्त जगताहेत. आपलेही अब्बा, चाचा, मामू जास्त जगताहेत, ही खुशीची गोष्ट आहे. मी सुचवलं की पडद्यामागे एक टेबल ठेवू या. तिथे एक वयस्कर डॉक्टर बसेल. रात्री चार-चारदा उठावं लागतं, धार बारीक झालीय, लघवीत रक्त दिसलं, बरेच दिवस कंबर किंवा हाडं दुखताहेत, असं ज्याचं असेल त्याने तिथे बोलावं. त्याला चाचणी लागली तर ती डॉक्टर लिहून देईल. ती त्याची गरज म्हणून, घाऊक नव्हे. ज्याच्या वडलांना किंवा भावाला हा कॅन्सर झालाय त्याचा धोका इतरांहून मोठा असतो. त्याने त्रास नसला तरी पंचेचाळिशी-पन्नाशीला डॉक्टरशी बोलावं. घरातल्या बायकांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर तेही सांगावं, कारण बीआरसीए नावाच्या जनुकातला दोष बायकांकडे आणि पुरुषांकडे सारखाच उतरतो. मामूंची दोन मुलं माझ्याच वयाची आहेत. हे त्यांना मी फोन करून सांगितलं. धाकटा म्हणाला, ‘भाई, अजून दहा वर्षं आहेत ना?’ आहेत. लिहून ठेव म्हटलं.

आणि लॅबने जो पैसा तीनशे बाटल्या रक्तावर खर्च केला असता, तो दहा जणांच्या दुसऱ्या तपासणीसाठी आणि एमआरआयसाठी द्यावा, असं मी सुचवलं. लॅबने नकार दिला. बॅनरवरून नाव उतरलं. काही मित्र माझ्यावर अजून नाराज आहेत, रिक्षावाला मित्र त्यांत नाही, पण त्याचं माझ्याशी पूर्ण एकमत झालंय असंही नाही.

इमामसाहेबांना मी भीतभीतच भेटलो होतो. त्यांनी शिबिराच्या आधीच्या जुम्याला दोन मिनिटं मअजूरचा मसला सांगितला. थेंब गळतो म्हणून कुणी जमात सोडू नये, आणि इलाजही सोडू नये. मिंबरवरून ‘पेशाब’ हा शब्द ऐकून मागच्या सफमधली पोरं हसली. पुढच्या सफमधलं कुणी हसलं नाही.

शिबिराच्या दिवशी तोंड तपासायला गर्दी झाली. पडद्यामागचं टेबल पहिला तासभर रिकामं होतं. डॉक्टर पेपर वाचत बसले होते. मी नोंदणीच्या रजिस्टरमागून बघत होतो आणि आपलं चुकलं असं मला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात अब्बा उठले. त्यांना काही त्रास नव्हता, त्यांचा ३.३ चा रिपोर्ट घरी फायलीत होता. गुडघा धरत ते पडद्यापर्यंत गेले, थांबले, आणि खुर्च्यांवर बसलेल्या आपल्या दोस्तांकडे वळून मोठ्याने म्हणाले, ‘मेरा छे पॉइंट आठ आया था. पोरगा रात्रभर झोपला नाही. चला, कुणाला यायचंय?’

संध्याकाळपर्यंत अकरा जण पडद्यामागे गेले. त्यांतल्या दोघांनी आपल्या बायकांनाच बोलायला लावलं.